कोरडी कॉलर

डॉ. डिलनने तो स्क्रू माझ्या वडिलांच्या जबड्यातून काढला तेव्हा त्याला पक्कडसुद्धा लागली नाही. त्याने दोन बोटांनी अर्धा आटा फिरवला, आणि ओल्या मातीत रोवलेली काडी निघावी तसा तो वर आला. पू नव्हता, सूज नव्हती, रक्तही नावापुरतेच होते. टिटॅनियमचा तो तुकडा स्टीलच्या वाटीत टणकन पडला आणि त्याची चकाकी पाहून माझ्या मनात पहिली शंका आली. नव्या दाताचे मूळ म्हणून जे हाडात रोवले जाते, त्याला काही आठवड्यांत हाडाने कवटाळून धरायचे असते. या स्क्रूला हाडाने शिवलेदेखील नव्हते.

"मास्तर," हातमोजे काढता काढता डिलन म्हणाला, "कॉर्नेट वाजवलंत ना?"

माझ्या वडिलांचे नाव बॅप्टिस्ट, पण त्यांना गिरीज, भुईगाव आणि नंदाखाल या पट्ट्यात सगळे मास्तरच म्हणतात. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी लग्नाच्या बँडचे नेतृत्व केले. इथल्या अर्ध्या जोडप्यांची वरात त्यांच्या कॉर्नेटच्या, त्या आखूड पितळी तुतारीच्या, मागून चाललेली आहे. रविवारी ते मुलांना धर्मशिक्षण देत, आणि डिलनच्या पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याची, तयारी त्यांनीच करून घेतली होती. या डॉक्टराला मास्तरांपुढे उभे राहून 'हे आमच्या बापा' म्हणताना मी पाहिलेले आहे. पुढे त्याने पदवी घेतली, गावाबाहेरच्या रस्त्यावर दवाखाना थाटला, आणि मास्तर आता त्याच्या खुर्चीत तोंड उघडे ठेवून त्याच्या प्रश्नांना उत्तरे देत होते.

मास्तरांनी वरच्या दिव्याकडे पाहिले. मग म्हणाले, "वाजवलं असेल एखाद वेळ."

"बघा आंटी." डिलन माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होते, आणि मला ते दुःख जरा जास्तच तयार वाटले. "तोंडाला वाद्य लावलं की ओठाचा सगळा दाब खालच्या दातांवर येतो. स्क्रू हलला की हाड त्याला धरत नाही. जखम भरली की दुसरा बसवू. पण कॉर्नेट विसरायचं मास्तर, कायमचं. नाहीतर दुसराही असाच हातात येईल."

निकाल सुबक होता. खालच्या जबड्यातला पुढचा दात पडल्यापासून पपांना कॉर्नेट वाजवता येत नव्हते. ओठ आत जाई आणि सूर फाटे. काढता-घालता येणारी कवळी फुंकर मारताना सरके. पक्का दात बसवण्याचा सगळा खटाटोप कॉर्नेटसाठीच होता. आता दात नसेल तर वाजवता येणार नाही आणि दात हवा असेल तर वाजवायचे नाही, असा न्याय झाला होता. माझ्या वडिलांनी तो शिक्षा ऐकून घ्यावी तसा मान खाली घालून ऐकला.

बाहेर रिक्षाची वाट पाहताना ते म्हणाले, "रविवारी जेन्सनला बोलावतो. कॉर्नेट त्याला देऊन टाकू. कपाटात ठेवून काय करायचं?"

जेन्सन पूर्वी त्यांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे. आता बँड तोच चालवतो.

"घाई कशाला, पपा?"

"घाई नाही बाय. जे व्हायचं ते झालं."

माझा विषय उष्णता आहे. धातूत भोक पाडताना हत्याराच्या टोकाशी किती ताप निर्माण होतो, तो कुठे जातो आणि गेला नाही तर कशाची राख करतो, यावर मी प्रबंध लिहिला आणि गेली वीस वर्षे मुंबईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तेच शिकवते. या विद्येचे सार एका वाक्यात सांगता येते: घर्षण कुणाची भीड ठेवत नाही. त्याच आठवड्यात मी धातू बाजूला ठेवून हाड वाचायला घेतले. दंतवैद्यकाच्या नियतकालिकांतले शोधनिबंध मी एखाद्या प्रतिस्पर्ध्याचे वाचावेत तसे, चुका शोधत वाचले. त्यांत चुका फारशा नव्हत्या. हाड जिवंत असते आणि त्याची सहनशक्ती लाजिरवाणी म्हणावी इतकी कमी असते. सत्तेचाळीस अंशांच्या आसपासची उष्णता मिनिटभर टिकली तरी त्यातल्या पेशी मरू लागतात. चहाचा घोट याहून गरम असतो; पण तो गिळता येतो, ड्रिल गिळता येत नाही. मेलेले हाड दुखत नाही, सुजत नाही, तक्रार करत नाही. ते फक्त स्क्रूला धरत नाही. म्हणून ड्रिलच्या टोकावर खारट पाण्याची धार सतत सोडायची असते. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात तर विशेषच, कारण तिथले हाड सर्वांत घट्ट असते.

दाबाने स्क्रू हलतो हेही त्या निबंधांत होते. म्हणजे डिलन खोटे बोलत होता असे नव्हे. तो खऱ्या गोष्टींपैकी एकच निवडून बोलत होता; विद्वानांच्या सहवासात आयुष्य काढल्यामुळे हा प्रकार मला परिचयाचा आहे.

तेव्हा आधी कॉर्नेटची साक्ष घ्यायला हवी होती. पपा वाडीत केळीला पाणी लावत होते तेव्हा मी त्यांच्या खोलीतली ती काळी पेटी उघडली. कॉर्नेटला बोटांनी दाबायच्या तीन कळा असतात आणि त्या तेलावर चालतात. वाजवणाऱ्याने रोज दोन थेंब घालायचे असतात. पपांचा हा नेम मी लहानपणापासून पाहत आले आहे, सकाळच्या प्रार्थनेनंतर तेल आणि मग चहा. मी पहिली कळ दाबली. ती हलली नाही. दुसरीही नाही. तिसरी अंगठ्याने जोर लावल्यावर अर्धी खाली गेली आणि तिथेच अडकून बसली. तेल सुकून त्याचा डिंक झाला होता, पितळेवर हिरवट साय धरली होती. या वाद्यातून गेल्या कित्येक महिन्यांत सूर तर सोडाच, श्वासदेखील गेला नव्हता.

माझे वडील खोटे बोलले होते. ज्या माणसाने शेजाऱ्याच्या माडाचा पडलेला नारळ कुंपणावरून परत टाकला, त्याने न केलेला गुन्हा कबूल केला होता. निर्दोष माणूस कबुली देतो तेव्हा तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो, हे समजायला कायदा शिकावा लागत नाही. मी पेटी बंद केली. एकाऐवजी आता दोघांवर संशय होता, आणि त्या दोघांचे काहीतरी ठरलेले होते.

मग मी शस्त्रक्रियेचा दिवस डोळ्यांसमोर आणला. तो दिवस मीच ठरवला होता. संध्याकाळी मम्मीच्या पुण्यतिथीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होती. त्यामुळे सकाळी दात आणि संध्याकाळी मिस्सा अशी दोन कामे एका रजेत बसत होती. पपांनी न्याहारी केली नव्हती. घाबरले असतील, असे मी स्वतःला सांगितले. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. माझ्या शेजारी डिलनची मदतनीस फेलिशिया बसली होती आणि मला मोबाइलवर बहिणीच्या लग्नाच्या साड्या दाखवत होती.

इथे मी थांबले. तोंडात पाण्याची धार सुरू असताना ते पाणी ओढून घेणारी नळी कुणीतरी धरावी लागते. फेलिशियाचे काम तेच. आतून ड्रिलचा आवाज येत होता आणि फेलिशिया बाहेर मला गुलाबी की मोरपंखी असे विचारत होती.

आणि पपा बाहेर आले तेव्हा मी त्यांची कॉलर नीट केली होती. गेल्या वर्षी माझी एक दाढ भरताना मी गळ्यापर्यंत भिजले होते. पपांची कॉलर इस्त्री केल्यासारखी कडक होती, आणि कोरडी.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. फेलिशियाने मला पाहताच वही उघडली.

"मॅडम, अपॉइंटमेंट?"

"तुझ्या बहिणीने शेवटी कोणती साडी घेतली?"

"मोरपंखी!" ती खुलली. "तुम्ही म्हणालात तीच. किती लक्षात राहतं हो तुमच्या!"

"तेच तर. मास्तरांचा दात बसवत होते तेव्हा तू बाहेर कशी काय होतीस?"

तिचे हसू एका बाजूने उतरले. "डॉक्टरच म्हणाले, आज सक्शन लागणार नाही, तू बाहेर बस." मग घाईने, "पण ते डॉक्टरांनाच विचारा हं. मला यात नका घेऊ."

डिलनने मला आत बसवले आणि चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही.

"ड्रिल करताना पाणी चालू होतं?"

"आंटी, पाण्याशिवाय कुणी करतं का?"

"मी तुला प्रश्न विचारला. तू मला प्रश्न परत केलास."

"प्रोटोकॉलप्रमाणेच केलंय सगळं." त्याने पेन उचलले, ठेवले. "तुम्ही नेटवर काय काय वाचलं असेल. हाड काही लोखंड नाहीये."

"खरं आहे. लोखंडाला जास्त सहन होतं. माझे विद्यार्थी पाणी बंद पडलं की मशीन थांबवतात. नाहीतर मी त्यांना नापास करते. फेलिशिया बाहेर साड्या बघत होती, मास्तरांची कॉलर कोरडी होती आणि कॉर्नेटच्या कळा चिकटून बसल्यात. या तिन्हींचं एकच उत्तर तुझ्याकडे असेल तर सांग."

त्याचे कान लाल झाले. त्याने टेबलावरचा प्लास्टरचा जबडा उघडून मिटला. मग म्हणाला, "मास्तरांना विचारा." आणि लगेच, स्वतःलाच घाबरल्यासारखा, "नको. नका विचारू त्यांना. त्यांनी वाजवलं असं ते स्वतःच म्हणालेत ना? मग झालं."

ज्या तत्परतेने एक सुशिक्षित माणूस वृद्धाच्या खोट्या कबुलीमागे लपत होता, ती पाहून मला आलेला राग अगदी थंड होता. असा राग उपयोगी असतो.

संध्याकाळी पपा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. एका बाजूच्या दातांनी का होईना, सुपारी त्यांनी सोडली नव्हती. मी शेजारी बसले.

"पपा, डिलन ड्रिल करत होता तेव्हा वास आला होता का हो?"

"वास?" त्यांनी अडकित्ता थांबवला. "आला थोडा. लग्नाच्या आदल्या दिवशी कापलेल्या डुकराचे केस जाळतात ना, तसा."

मी आवाज तसाच ठेवला. "आणि पाणी?"

त्यांनी सुपारीचे खांड पुन्हा अडकित्त्यात धरले.

"कॉर्नेटच्या कळा मी पाहिल्या. तुम्ही वाजवलेलं नाही."

"तू माझी पेटी उघडलीस?"

"उघडली."

"लहानपणीसुद्धा अशीच होतीस," ते म्हणाले. "मम्मी बरण्या लपवायची आणि तू झाकणावरची धूळ बघून ओळखायचीस." मग अडकित्ता बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "पाणी मीच नको म्हटलं त्याला."

"म्हणजे?"

"संध्याकाळी तुझ्या मम्मीची मिस्सा होती. कम्युनियन घ्यायची होती. माझी आई मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घेत नसे. घशाखाली काही गेलं की कम्युनियन नाही."

"पपा, तो नियम तुम्ही लहान असतानाच गेला! पाण्याने उपवास मोडत नाही. फादर दर वर्षी सांगतात. तुम्ही स्वतः मुलांना शिकवलंत!"

"मुलांना नवीन शिकवलं, बरोबर. पण आईने नवीन कधी मानलं नाही. मीपण बाकीचे दिवस पाळत नाही. फक्त तुझ्या मम्मीच्या, कार्मिनच्या मिस्सेला पाळतो. तिच्यासाठी तेवढं तरी." त्यांनी गुडघ्यावरचा सुपारीचा चुरा झटकला. "डिलनला म्हटलं, बाबा, पाणी नको सोडू. तो म्हणाला, मास्तर, असं करत नाहीत. मी हात जोडले. मग म्हणाला, बरं, सावकाश करतो. चांगला मुलगा आहे. माझा उपवास राखला त्याने."

"आणि रक्त? रक्त गिळलं ते चाललं?"

"रक्त माझंच होतं," माझे वडील गंभीरपणे म्हणाले. "ते काही बाहेरून आलं नाही."

धर्मशास्त्रातले कैक वाद मी वाचलेले आहेत. इतका निरुत्तर करणारा युक्तिवाद त्यांत आढळला नव्हता.

"मग वाजवलं असं खोटं का सांगितलंत?"

"त्याने विचारलं तेव्हाच कळलं मला, बिघडलं ते पाणी नव्हतं म्हणूनच. पाण्याचं नाव घेतलं असतं तर डिलनवर आलं असतं. तू तर त्याचा दवाखाना बंद पाडला असतास." हे त्यांनी कौतुकाने म्हटले की भीतीने, ते मला कळले नाही. "दोष माझाच आहे ना बाय? मग तो पाण्याचा म्हणा की कॉर्नेटचा, काय फरक?"

फरक होता. कॉर्नेट दोषी असेल तर ते रविवारी जेन्सनच्या हाती जाणार होते आणि पुन्हा कधी परत येणार नव्हते. उष्णता दोषी असेल तर जबडा भरून नवा दात बसल्यावर पपांना पुन्हा वाजवता येणार होते. डिलनला हे पपांपेक्षा चांगले ठाऊक होते. हाड जाळणे ही चूक होती. ती माफ करण्याचा मी कदाचित विचार केला असता. पण आपली चूक झाकण्यासाठी त्याने एका वृद्धाकडून त्याचे वाद्य मागून घेतले होते, आणि वृद्धाने ते आनंदाने देऊ केले होते. मी डिलनला फोन केला आणि एवढेच म्हटले, "उद्या मिस्सेनंतर घरी ये. जेन्सन कॉर्नेट न्यायला येणार आहे. त्याच्या आधी पोहोच."

तो जेन्सनच्या नंतर पोहोचला. जेन्सन ओट्यावर खुर्ची ओढून बसला होता, पेटी त्याच्या मांडीवर होती, आणि तो तिच्याकडे दुसऱ्याचे तान्हे मूल सांभाळायला दिल्यासारखा पाहत होता.

"मास्तर, मी घरी ठेवतो फक्त हं," तो म्हणत होता. "वाजवायचं धाडस नाही आपलं. पोरं हसतील, म्हणतील क्लॅरिनेटवाला बिघडला."

"वाजव की! पितळ आहे, चावत नाही."

डिलन पायरीवरच उभा राहिला. मी त्याला बस म्हटले नाही.

"जेन्सन," तो म्हणाला, "ती पेटी ठेव खाली."

"का रे डॉक्टर? मास्तरांनी दिली मला."

"मास्तरांनी काही केलेलं नाही." त्याने एक श्वास घेतला. "दात कॉर्नेटने गेला नाही. हाड माझ्या ड्रिलने भाजलं. पाणी बंद होतं."

"मी बंद करायला सांगितलं होतं," पपा म्हणाले.

"तुम्ही सांगाल मास्तर. तुम्हाला काय माहीत? माहीत मला होतं." तो माझ्याकडे वळला, प्रथमच त्याचे डोळे टेबलावर किंवा पेनावर नव्हते. "कमी वेगाने पाण्याशिवाय करतात, आंटी. तसे पेपर आहेत."

"आहेत. मी वाचलेत. तू वेग कमी ठेवलास?"

"आधी ठेवला." त्याचा आवाज खाली गेला. "हाड फार कडक निघालं. ड्रिल पुढे जाईना. मग वाढवला. दाबला पण. वास आला तेव्हा थांबलो, पण तोपर्यंत…"

"मी तुला अजून एक विचारते. मास्तरांनी हात जोडले तेव्हा दुसरा काही उपाय नव्हता?"

"काय उपाय? ते माझे मास्तर. मला बोटं धरून क्रूसाची खूण करायला शिकवलंय त्यांनी. त्यांना नाही कसं म्हणू?"

"उद्या या, म्हणायचं होतंस."

इतके साधे वाक्य त्याला त्या दिवशी सुचले नव्हते आणि मला वाटते, त्यानंतरच्या एकाही दिवशी सुचले नव्हते. जेन्सनने पेटी मांडीवरून उचलून ओट्यावर ठेवली, दोन्ही हातांनी, आवाज न करता.

"म्हणजे मास्तर वाजवू शकतात?" त्याने विचारले.

"नवीन दात नीट बसला की वाजवू शकतात," डिलन म्हणाला. "मी खोटं बोललो."

पपा पुढे सरकले. त्यांनी पेटी उघडली, पहिली कळ दाबून पाहिली, ती हलत नाही असे दिसल्यावर जिभेने च्‌ केले, आणि आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आले.

मी आधीच ठरवून ठेवले होते. बोरिवलीत एक नामांकित डॉक्टर होते. त्यांचे निबंध मी वाचले होते आणि त्यांत मला फक्त दोनच हरकतीच्या जागा सापडल्या होत्या. मी ते सांगितले.

"नको," पपा कळेवर तेल सोडत म्हणाले. "डिलनच बसवेल."

"पपा!"

"ऐक. याने एकदा कोरडं केलंय. हा आता कधी कोरडं करणार नाही. तुझा बोरिवलीचा डॉक्टर करणार नाही, याची तुझ्याकडे काय खात्री?"

मी बोरिवलीचा पत्ता लिहिलेल्या कागदाची घडी घातली.

"आणि दिवस असा बघा," ते म्हणाले, "की संध्याकाळी कुणाची मिस्सा नसेल."

जेन्सन मोठ्याने हसला. डिलन हसला नाही. तो पायरीवर बसला आणि त्याने चेहरा तळहातांत धरला. पपांनी त्याच्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. डिलनविरुद्ध लिहून ठेवलेल्या तक्रारीचा मसुदा मी फाडला नाही. तो टेबलाच्या खणात आहे. क्षमा हा पपांचा विषय आहे, माझा नव्हे.

जबडा भरायला पावसाळा गेला. नव्या शस्त्रक्रियेच्या दिवशी मी बाकावर बसले नाही. मी आत गेले, भिंतीला टेकून उभी राहिले, आणि डिलनने हरकत घेतली नाही. सकाळी पपांनी माझ्यासमोर चहा प्यायला, आणि तो पूर्ण संपेपर्यंत मी कपावरची नजर काढली नव्हती. फेलिशियाने नळी धरली. पंपाची घरघर सुरू झाली. ड्रिल हाडाला टेकण्याआधीच पाण्याची धार टोकावर पडू लागली, हनुवटीवरून ओघळू लागली, आणि डिलन दर थोड्या वेळाने ड्रिल वर उचलून थांबत होता, पाणी आत जाऊ देत होता. मी वास घेत होते. लवंगेच्या तेलाचा आणि जंतुनाशकाचा वास येत होता, बाकी कसलाही नाही.

"झालं, मास्तर," शेवटी तो म्हणाला.

पपा उठून बसले. त्यांना बोलता येत नव्हते. ओठ बधिर होता. त्यांनी उजव्या हाताची तीन बोटे माझ्याकडे धरली आणि हवेत एकेक करून कळा दाबल्यासारखी हलवली.

मी पुढे होऊन त्यांच्या कॉलरला हात लावला. ती चिंब होती. मी ती एकदा पिळून पाहिली.